पिठ्याची पिसं

१

रविवारी सकाळी, चर्चची घंटा वाजायच्या आधी, हेस्टर प्लमरिजला तिच्या हिरवळीच्या कडेला पांढरी पिसं सापडली. कुंपणाच्या अगदी बुडाशी, दवानं एकमेकांना बिलगलेली. कुणी ओंजळभर पांढरी फुलं हलक्या हातानं ठेवून गेलं असावं, तशी. तिनं मोजली. बारा होती. आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर शेजारच्या इद्रिस प्यूची मांजर, ट्रीकल, उन्हाकडे पाठ करून पंजा चाटत बसली होती.

हेस्टर ओरडली नाही. तिनं पिसं एप्रनच्या ओच्यात गोळा केली, स्वयंपाकघरात आली, चहाचं पाणी चढवलं आणि ते उकळून उकळून आटेपर्यंत ओट्याशी नुसती उभी राहिली.

दुपारपर्यंत सगळ्या एल्डरफोर्ड गावाला कळलं होतं. पिठ्या गेला.

पिठ्या म्हणजे एक कस्तूर. इथल्या कस्तुराचा नर कोळशासारखा काळा असतो, चोच तेवढी पिवळीजर्द. बागेबागेतून तो हिंडत असतो आणि कुणी त्याच्याकडे वळून बघत नाही. पण हा पांढरा होता. डोकं, पंख, शेपूट, सगळं पिठात लोळवून काढल्यासारखं; पाठीवर तेवढे राखाडी शिंतोडे. हेस्टरचा नवरा वॉल्टर चाळीस वर्षं गावचा बेकर होता. रोज सकाळी भुवयांपर्यंत पिठानं माखून तो घरी यायचा. तो गेला, आणि दहाव्या दिवशी हा पक्षी तिच्या खिडकीखाली येऊन बसला. हेस्टर कुणाला काही बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती. गावानं मनातल्या मनात समजून घेतलं आणि पाखराला नाव दिलं. शाळेतल्या मुली दोरीवर उड्या मारताना म्हणायच्या,

पिठ्या रे पिठ्या, रात्री कुठं होतास?
चांदण्याच्या जात्याखाली निजलो तासन्‌तास.

मंगळवारी इद्रिस प्यू टोपी हातात धरून हेस्टरच्या फाटकाशी आला. प्राण्यांच्या आश्रमाला फोन केलाय, म्हणाला. शनिवारी दहाला गाडी येईल आणि ट्रीकलला घेऊन जाईल. त्यानं ना माफी मागितली, ना मांजरीची बाजू घेतली.

"आभारी आहे, मिस्टर प्यू," हेस्टर म्हणाली.

बेचाळीस वर्षांचा शेजार होता. तिच्या तोंडून 'मिस्टर प्यू' पहिल्यांदाच निघालं होतं.

२

मर्टल स्पिंकनं एकतीस वर्षं या गावात पत्रं वाटली होती. कुठलं फाटक करकरतं आणि कुठला कुत्रा नुसताच भुंकतो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. निवृत्त झाल्यावर ती पक्ष्यांच्या नादी लागली. रीतसर परवाना काढून पक्षी जाळ्यात धरायचे, पायात नंबर असलेलं हलकं कडं घालायचं, वहीत नोंद करायची आणि सोडून द्यायचे. पिठ्याला मात्र तिनं कधी हात लावला नव्हता. त्याला बेड्या कशाला, असं म्हणून हेस्टरनंच अडवलं होतं.

आता बुधवारी हेस्टरनंच तिला बोलावून घेतलं. तिची एकच मागणी होती. मर्टलच्या वहीत पिठ्याचा मृत्यू लिहिला जावा, तारीख घालून. कुठंतरी त्याची नोंद राहावी.

"मृत्यू लिहायचा तर मेलेला पक्षी लागतो, हेस्टर," मर्टल म्हणाली. "पिसं दाखवा बघू."

हेस्टरनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. वरती रविवारची बारा पिसं होती. एकसारखी लांब, सरळ, म्हणजे शेपटीची. पण त्यांच्याखाली पातळ कागदात गुंडाळलेली आणखी सात पिसं निघाली. ती पंखांची होती, आणि प्रत्येकाला दोऱ्यानं एकेक चिठ्ठी बांधलेली होती. पहिल्या चिठ्ठीवर तारीख जुलैच्या दहाची, शेवटच्या चिठ्ठीवर ऑगस्टच्या विसाची.

ही कधी मिळाली, असं मर्टलनं विचारलं. हेस्टरच्या गालांवर एखाद्या मुलीसारखी लाली आली. दर सहा-सात दिवसांनी एखादं हिरवळीवर पडलेलं असायचं, म्हणाली. तिला वाटायचं, तो तिच्यासाठीच ठेवून जातोय.

"वॉल्टरनं उभ्या जन्मात कधी फुलं आणली नाहीत. म्हटलं, आता सुचतंय बाबाला."

मर्टलनं एकेक पीस खिडकीच्या उजेडात धरलं. दांड्याचं टोक स्वच्छ होतं. रक्त नाही, दाताचा ओरखडा नाही, चोचीनं उपटल्याची खूण नाही. पण पिसं फार नाजूक होती. कडा झिजलेल्या, जुन्या पडद्याच्या झालरीसारख्या. मग तिनं, उगीचच, ती सात पिसं टेबलावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावली. लावून झाल्यावर चिठ्ठ्यांकडे नजर गेली आणि तिचा हात थांबला. तारखाही आपोआप ओळीनं लागल्या होत्या. सगळ्यांत लहान पीस सगळ्यांत आधी पडलं होतं, सगळ्यांत मोठं सगळ्यांत शेवटी.

मांजर असं मापं घेऊन शिकार करत नाही.

पिठ्या नीट असा शेवटचा कधी दिसला, तिनं विचारलं. तीन आठवडे तरी झाले असतील, हेस्टर म्हणाली. नंतर नुसती कुंपणात खुसखुस ऐकू यायची. गाणं तर कधीचंच बंद झालं होतं.

"आणि गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये?"

"गेल्या ऑगस्टमध्ये मी इथं कुठं होते," हेस्टर म्हणाली. खुब्याचं ऑपरेशन, मग ब्रिस्टलला लेकीकडे सहा आठवडे. ऑक्टोबरात घरी परतली तेव्हा तो खिडकीपाशीच होता. आधी त्याच्या खांद्यांवर पिठाचे दोन-तीन शिंतोडे तेवढे असायचे. परतल्यावर पाहते तो डोक्यापासून शेपटीपर्यंत पांढरा. हे सांगताना तिचा आवाज इतका हळू झाला, की मर्टलला पुढं झुकावं लागलं.

मर्टल निघाली तेव्हा हेस्टर दारापर्यंत आली.

"शनिवारच्या आत काय ते सांग, मर्टल. ती मांजर गाडीत बसून जाताना मला बघायचीय. पण तिनं केलं नसेल, तर मला ते बघवणार नाही."

३

गावात पांढऱ्या कस्तुरावर डोळा ठेवून असलेला माणूस एकच होता. डॉक्टर गारसाइड, दातांचे निवृत्त डॉक्टर. त्यांच्या बैठकीत काचेच्या पेट्यांमधून पेंढा भरलेले पक्षी मांडलेले होते; सगळे जुने, आजोबांच्या वेळचे. गेल्या हिवाळ्यात त्यांनी हेस्टरला अतिशय सभ्य पत्र लिहून विचारलं होतं, की पक्ष्याचं नैसर्गिक कारणानं निधन झाल्यास तो आपल्याला मिळेल का. ते पत्र मर्टलच्या जागी आलेल्या पोरीनं पोचवलं होतं आणि हेस्टरनं त्याच्यावर केक ठेवून तो शेजारी पाठवला होता.

"म्हणजे आता तुम्ही माझा फ्रीजर तपासणार," डॉक्टर म्हणाले. रागावण्याऐवजी ते खूश दिसत होते. त्यांनी स्वतःच झाकण उघडलं. आत वाटाणे होते आणि एक मासा.

मर्टलनं बरोबर आणलेलं शेपटीचं पीस पुढं केलं. डॉक्टरांनी ते भिंगाखाली धरलं, दात बघावा तसं आलटून पालटून पाहिलं, आणि तिला एका पेटीपाशी नेलं. त्यात शंभर वर्षांपूर्वीचा एक पांढरा कस्तूर होता, मान किंचित वळवून, कधीच न येणाऱ्या कुणाची तरी चाहूल घेतल्यासारखा. त्याच्याही पंखांची टोकं तशीच विरलेली होती.

"काळा रंग नुसता दिसायला नसतो, मिस स्पिंक. तो पिसाला बळ देतो. पांढरं पीस सुंदर दिसतं आणि लवकर झिजतं. अशा पक्ष्यानं जपून उडायला हवं." मग पीस परत देत ते म्हणाले, "आणि मी चोरला असता तर अख्खा चोरला असता. शेपटी टाकून पक्षी नेणारा संग्राहक मूर्ख म्हणायचा. मी लोभी आहे, मूर्ख नाही."

तिला ते पटलं. ती कोट घालत होती तेवढ्यात डॉक्टर खिडकीशी गेले आणि पाठमोरेच म्हणाले, की माडीवरून प्यूची मागची बाग दिसते. तिथं, कुंपणालगत, ताजी माती उकरलेली आहे. हातभर रुंद, दोन हात लांब. आठवडेच्या आठवडे तो भल्या पहाटे तिथं खणतो, आणि पेरत मात्र काहीच नाही.

"मेलेलं काही पुरायला," ते म्हणाले, "तेवढी जागा पुष्कळ झाली."

४

"पत्र आणलंस की काय?" इद्रिस प्यूनं विचारलं. निवृत्त झाल्यापासून मर्टल दारात दिसली की तो हेच विचारायचा. पण आज त्यात नेहमीचा मिस्कीलपणा नव्हता.

तो खाणीतला माणूस, वेल्समधून तरुणपणी इकडे आलेला. हात फावड्यासारखे, बोलणं मोजकं. ट्रीकल त्याच्या बुटांवर झोपली होती. मर्टलनं सरळच विचारलं, तेव्हा त्यानं काटेफावडं तिच्या हातात दिलं आणि त्या ताज्या मातीकडे बोट दाखवलं.

"खण. तुझं समाधान होऊ दे."

तिनं खणलं. माती काळी, ओली, केकसारखी मऊ. सगळ्या गल्लीत ऑगस्टनं जमीन वाळवली होती, आणि इथं पाणी घालघालून ती जिवंत ठेवलेली होती. फावडं फूटभर खाली गेलं. हाड नाही, पीस नाही. होती ती फक्त गांडुळं. तांबूस, लवलवती, प्रत्येक ढेकळात चार-चार.

"इथं लावता काय तुम्ही, इद्रिस?"

"काही नाही. सवय असते हाताला."

कुंपणाच्या बुडाशी, अगदी मातीलगत, मुठीएवढी एक फट होती. तिच्यासमोर एक फळी, आणि तीवर पाखरांच्या विष्ठेचे डाग. मर्टलनं ते बघितलं आणि इद्रिसनं तिला बघताना बघितलं.

रविवारी काय झालं, तिनं विचारलं. तो म्हणाला, की ट्रीकल घरात आली तेव्हा तिच्या मिशीला पांढरं पीस चिकटलेलं होतं. डोळ्यांनी बघितलं, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही. मांजर जाईल.

"तुम्हाला चालेल?"

इद्रिसनं वाकून मांजरीच्या कानामागं बोट फिरवलं आणि आपल्या भाषेत तिला काहीतरी सांगितलं. तिनं डोळे न उघडताच शेपटी हलवली.

"माझा भाऊ गेला तेव्हापासून," तो म्हणाला, "घरात वेल्श समजणारी हीच एक आहे."

मर्टल फाटकापर्यंत गेली तेव्हा त्यानं मागून हाक मारली. त्या फळीबद्दल हेस्टरला काही सांगू नकोस, म्हणाला. का, असं तिनं विचारायच्या आत दार लागलं होतं.

५

गुरुवारी संध्याकाळी मर्टल गावच्या हॉलमध्ये गेली. काहीतरी आठवत होतं आणि नेमकं काय ते हाती लागत नव्हतं. झोपेत ऐकलेल्या गाण्यासारखं. फळ्यावर फुलांच्या प्रदर्शनाची जाहिरात होती, तिच्याखाली नृत्यवर्गाची. तिच्याही खाली, उन्हानं पिवळा पडलेला, गेल्या वर्षीचा एक कागद टाचणीला अजून लोंबत होता.

पिठ्याच्या पाळ्या.

या गावात कुणी आजारी पडलं की पाळ्या लागायच्या. कुत्रा कोण फिरवणार, झाडांना पाणी कोण घालणार, सूप कोण नेऊन देणार. हेस्टर हॉस्पिटलात गेली तेव्हा गावानं तिच्या पाखराच्याही पाळ्या लावल्या. ऑगस्ट आणि सप्टेंबरचा एकेक दिवस, समोर नाव, आणि त्याच्यासमोर काय घातलं ते. मर्टलनं बोट ठेवून वाचत नेलं. पाव. दुधात भिजवलेला पाव. सँडविचच्या कडा. पाव. जॅम लावून पाव. पाव. बेकरचं पाखरू, म्हणून जो तो पावच घेऊन गेला होता. आठ आठवडे, दिवसातून दोनदा, प्रेमानं. तिचं स्वतःचंही नाव तिथं होतं, आठ सोमवारी. पाव.

फक्त एका गुरुवारपुढं, कोळशानं लिहिल्यासारख्या ठसठशीत अक्षरात, वेगळं होतं. इ. प्यू. गांडुळं शोधली. जमीन विटेसारखी झालीय. मिळाली नाहीत. पाव.

मर्टल घडीच्या खुर्चीवर बसली. बाहेर उन्हं कलली, हॉलच्या जमिनीवरचा उजेड सरकत सरकत तिच्या पावलांपाशी आला आणि विझला. तिला आता सगळं दिसत होतं. पक्षी कुणी मारला नव्हता. तो कुठं आहे, कसा दिसत असेल आणि शनिवारी सकाळी कुठून बाहेर येईल, हेही ती सांगू शकली असती.

तिला फक्त हे कळत नव्हतं, की हेस्टरला ते सांगायचं कसं. खरं सांगितलं तर मांजर वाचत होती. पण वॉल्टर दुसऱ्यांदा जात होता.

६

शनिवारी सहाच्या सुमारास तिनं हेस्टरला शाल पांघरायला लावून इद्रिसच्या बागेत आणलं. धुकं गुडघ्यापर्यंत होतं. प्लमची झाडं त्यात तरंगत असल्यासारखी. हेस्टर खुर्चीच्या टोकाला बसली, इद्रिसकडे न बघता. इद्रिस उभाच राहिला.

"बारा पिसांपासून सुरू करते," मर्टल म्हणाली. "ट्रीकलनं झडप घातली, हे खरं. पण तिच्या तोंडात आलं ते फक्त शेपूट. कस्तूर घाबरला की सबंध शेपूट सोडून देतो आणि निसटतो. म्हणून बाराच्या बारा, स्वच्छ, रक्ताचा थेंब नाही. पिसं सापडली, पक्षी सापडला नाही, याचं कारण पक्षी निघून गेला होता."

"मग तो कुठाय?" हेस्टर म्हणाली. "तीन आठवडे त्याच्या आधीपासून दिसला नाही."

मर्टलनं खिशातून ती सात पिसं काढली आणि तिच्या मांडीवर ओळीनं ठेवली. दर उन्हाळ्याच्या शेवटी कस्तूर जुनी पिसं गाळतो, तिनं सांगितलं. पंखांची पिसं आतल्या बाजूनं एकेक करून गळतात, आधी लहान, मग मोठी. म्हणून तर तारखा ओळीनं लागल्या. या दिवसांत त्याला नीट उडता येत नाही, म्हणून तो गात नाही, उघड्यावर येत नाही, कुंपणात दडून राहतो. गेल्या ऑगस्टमध्येही हेच झालं असणार. हेस्टर तेव्हा इथं नव्हती, म्हणून तिला ठाऊक नाही.

"गेल्या वर्षी नवी पिसं फुटली तेव्हा जमीन वाळलेली होती आणि त्याच्या पोटात होता नुसता पाव. आपण सगळ्यांनी घातलेला. अन्नात कस नसला की कधीकधी पिसांत रंगच उतरत नाही. तो पांढरा झाला, हेस्टर, कारण त्याला नीट खायला मिळालं नाही. आणि या वर्षी—"

तिला पुढं बोलावं लागलं नाही. इद्रिसनं फावडं मातीत घातलं होतं. तो नेहमीचा, रोजचा आवाज ऐकून कुंपणाच्या फटीतून एक पक्षी बाहेर आला आणि फळीवर चढला. काय त्याचं ध्यान होतं. मानेवर टक्कल, शेपटीच्या जागी बोटाएवढं खुंट. पण अंग काळं होतं. ओल्या कोळशासारखं, नवंकोरं काळं.

"हा तो नव्हे," हेस्टर म्हणाली.

इद्रिसनं एक गांडूळ टाकलं. पक्ष्यानं ते उचलण्यासाठी तोल सावरत दोन्ही पंख उघडले, आणि पंखांच्या अगदी टोकांना, बाहेरच्या कडेला, तीन-तीन पांढरी पिसं चमकली. कुणी पिठात बोटांची टोकं बुडवावीत, तशी.

"ही शेवटची," मर्टल हळूच म्हणाली. "अजून गळायची आहेत."

पक्ष्यानं खाल्लं, चोच फळीवर दोन्ही बाजूंनी पुसली, आणि फटीत दिसेनासा झाला.

"तुला माहीत होतं," हेस्टर इद्रिसला म्हणाली. 'मिस्टर प्यू' गळून पडल्याचं तिला कळलंही नाही.

इद्रिस टोपीची कड चाचपत राहिला. मे महिन्यात पिठ्या काचघरावर आदळला होता, म्हणाला. उचलून घेतला, तर पंख हातात जुन्या वर्तमानपत्रासारखा चुरत होता. हिवाळा निघेल असं वाटलं नाही. तेव्हापासून रोज पहाटे माती ओली करून गांडुळं काढली. काळा होईल हे त्याच्या डोक्यातही नव्हतं. जगला तर पुरे, एवढंच. आणि मांजर त्याच फळीपाशी टपून बसेल, हेही सुचलं नाही. तिथं पाखराला बोलावलं तर त्यानंच होतं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"बेकरच्या बायकोला कुठल्या तोंडानं सांगू, की पाव थांबव म्हणून?"

हेस्टर मांडीवरच्या पिसांवरून बोट फिरवत राहिली. सगळ्यांत लहानावरून सगळ्यांत मोठ्यावर, मग परत.

"मर्टल," ती म्हणाली, "मी परत पावच घातला तर? यानं गांडुळं बंद केली, आणि मी पाव घातला, तर तो परत तसा होईल?"

मर्टलला खोटं बोलता आलं असतं. एकतीस वर्षं तिनं लोकांच्या हातात चांगली-वाईट पत्रं दिली होती, आणि पाकीट न उघडता द्यायचं असतं, एवढंच ती शिकली होती.

"होईलही," ती म्हणाली. "पुढच्या ऑगस्टमध्ये. तोपर्यंत टिकला तर."

फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून इद्रिस वाट बघत राहिला, जणू त्या बागेतल्या मातीचं काय करायचं हे आता तिनंच ठरवायचं होतं. धुकं विरलं. हेस्टर तशीच बसून होती. मर्टलनं चहा आणला, तो निवला, दुसरा आणला, तोही निवला.

दहाला गल्लीत गाडी थांबली. इद्रिसनं ट्रीकलला उचललं. तेव्हा हेस्टर उठली, शाल खुर्चीवर टाकली, आणि दुखऱ्या खुब्यानं लंगडत त्याच्या आधी फाटकापाशी पोचली. प्यू यांची मांजर न्यायची आहे ना, असं ड्रायव्हरनं वहीत बघून विचारलं.

"होती न्यायची. आता नाही," हेस्टर म्हणाली. "तुम्हाला हेलपाटा पडला. आत या, चहा घ्या." मग मागं वळून, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, "आणि तू तिच्या गळ्यात आजच्या आज घुंगरू बांध, इद्रिस. अशी मोकाट सोडतात का कुणी?"

७

सप्टेंबरच्या मध्यात टोकाची पांढरी पिसं गळली. कुणाला सापडली नाहीत. मर्टलनं विचारलं होतं, आता तरी धरून पायात कडं घालू का, म्हणजे कायमची ओळख राहील. हेस्टरनं दोन दिवस विचार केला आणि नको म्हणाली.

ऑक्टोबरात उत्तरेकडचे कस्तूर खाली उतरले. एका सकाळी मर्टल गल्लीतून चालली होती. हेस्टर इद्रिसच्या बागेत, गुडघ्यांखाली उशी घेऊन, त्याच्या फावड्यानं माती उलटत होती. त्याला सांगत होती, की फावड्याची धार गेलीय आणि बेचाळीस वर्षांत त्याला एक हत्यार नीट ठेवता आलेलं नाही. समोर पडलेल्या सफरचंदांमध्ये पाच कस्तूर होते. पाचही काळे, पाचही पिवळ्या चोचीचे, पाचही एकमेकांशी भांडणारे. मर्टल कुंपणापाशी थांबली.

"यातला तो कुठला?" हेस्टरनं विचारलं.

"तो, डावीकडचा," इद्रिस म्हणाला.

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे. मला कुठं ओळखू येतोय? मी रोज सकाळी एकाला तो समजून चालतो."

हेस्टरनं फावडं खाली ठेवलं. ती खूप वेळ बघत राहिली. डावीकडच्यावरून तिची नजर हटली, सगळ्यांवरून सावकाश फिरली, आणि कुंपणाजवळच्या एका धडधाकट, चकचकीत, जरा आडदांडच दिसणाऱ्या पाखरावर येऊन थांबली. ते दुसऱ्याच्या चोचीतलं सफरचंद ओढत होतं.

"नाही," ती म्हणाली. "आज तो."

आणि ओंजळीतली गांडुळं तिनं पाचही जणांच्या मधोमध टाकली.